साक्षीदार की दिग्दर्शक?

लग्नघरातले वादाचे विषय तसे ठरलेले असतात. मांडव किती मोठा घालावा, पंगतीला गोड काय करावे, मानपानाच्या यादीत कोणाचे नाव राहून गेले, वाजंत्री कुठून आणावी. अलीकडे या यादीत आणखी एका विषयाची भर पडली आहे आणि पाहता पाहता तो यादीच्या शिरोभागी जाऊन बसला आहे. लग्नाची छायाचित्रे कोणत्या पद्धतीने काढून घ्यावीत? वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न. शालूचा रंग निवडावा तशी ही निवड. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु सिरसाळ्याला आमच्या भाचीच्या लग्नाच्या बोलाचालीत मामा या नात्याने बसण्याचा योग आला, आणि या साध्या दिसणाऱ्या निवडीच्या तळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे आमच्या ध्यानात आले. तोच प्रश्न आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

सिरसाळा हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातले गाव. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या या परिसरात जागोजागी दिसतात. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. त्यामुळे अशा घरांतली लग्ने सहसा उन्हाळ्यातच होतात. आमच्या बहिणीचे यजमान तरुणपणी हंगामाला जात असत, आता भट्टीवर देखरेखीचे काम करतात. त्यांचे धाकटे दोघे भाऊ बायकामुलांसह अजूनही जातात. मुलगी मात्र शिकली, परिचारिका झाली. तिचा नियोजित वर चाकणला एका कारखान्यात नोकरीस आहे. लग्न चर्चमध्ये लागावयाचे होते आणि जेवणावळ सिरसाळ्याला घरापुढच्या मांडवात व्हावयाची होती.

छायाचित्रकार तरुण आणि बोलण्यात गोड होता. त्याने आमच्यापुढे तीन पद्धती ठेवल्या. पहिली जुनी, जिला तो ‘ट्रॅडिशनल’ म्हणत होता. तीत विधी क्रमाने टिपले जातात आणि मग वधूवरांना मंचावर उभे करून नातलगांचा एकेक गट त्यांच्या शेजारी आणला जातो. दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या छत्र्या, ‘इकडे बघा, जरा हसा’ ही आज्ञा आणि डोळे दिपवणारा झोत. दुसरी ‘कँडिड’. तीत छायाचित्रकार लांब उभा राहतो, दूरचे जवळ आणणारे भिंग वापरतो, झोत शक्यतो टाळतो आणि माणूस आपल्याच नादात असताना त्याला टिपतो. तिसरी ‘प्री-वेडिंग’. लग्नाआधी काही आठवडे वधूवरांना एखाद्या किल्ल्यावर किंवा धरणाच्या काठी न्यायचे, भाड्याचे पोशाख चढवायचे, एखाद्या गाण्यावर चित्रफीत करायची आणि लग्नाच्या दिवशी ती मोठ्या पडद्यावर पाहुण्यांना दाखवायची. वर आकाशातून ड्रोन. सगळे मिळून ८५ हजार रुपये.

आकडा ऐकून क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मुलीचा धाकटा काका हलकेच म्हणाला, “म्हणजे सव्वादोनशे टनांच्या वर ऊस झाला की!”

त्याचा हिशेब चुकला नव्हता. जानेवारी २०२४ मधल्या करारानुसार ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. त्या दराने ८५ हजार म्हणजे सुमारे २३२ टन. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. त्या दोघांनी दिवसाला दोन टन तोडला तरी ११६ दिवस, म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम. त्यातही अनेकांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि त्या उचलीचे कारण पुष्कळदा घरातले लग्नच असते. एका जोडप्याच्या विवाहाचे चित्र दुसऱ्या जोडप्याच्या पाठीवरून असे उतरते.

आम्हांला बोलावयास संधी मिळाली. मामाचा मान होता, चार पुस्तके वाचल्याचा अहंकारही होता. काटकसर, साधेपणा, देखाव्याचा मोह यांवर आम्ही पुष्कळ बोललो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या आपल्या पत्रात लग्नाच्या तयारीविषयी जे सांगितले आहे, त्याचाही दाखला दिला. निमंत्रणे, पोशाख आणि मेजवानी यांच्या धावपळीत पैसाच नव्हे तर बळ आणि आनंदही आटून जातो, आणि वधूवर वेदीसमोर येतात ते थकून. म्हणून तरुणांनी निराळे वागण्याचे धैर्य दाखवावे, असा त्यांचा उपदेश आहे.

भाचीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “मामा, तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शंभरावर फोटो आहेत. माझ्या आईच्या लग्नाचा एकच आहे, तोही पाहुण्यांपैकी कोणीतरी काढलेला. आजीचा तर आधार कार्डावरचा सोडला तर एकही नाही. आमच्याकडं आजवर कोणी नीट पाहिलंच नाही. मग साधेपणाची सुरुवात आमच्यापासूनच का?”

या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्या घरी अल्बम आहे त्याने अल्बमविरुद्ध उपदेश करणे सोपे असते. गरिबाला सौंदर्याचा हक्क नाही असे ख्रिस्ताने कुठेही सांगितलेले नाही. आपण दिसावे, आपली नोंद राहावी, ही इच्छा म्हणजे गर्वच असे नाही. ‘माझे नाव घेऊन मला कोणी हाक मारावी’ या इच्छेचीच ती धाकटी बहीण. तेव्हा खर्चाचा प्रश्न खरा असला तरी मूळ प्रश्न तो नव्हे, हे आम्ही मनोमन कबूल केले. मूळ प्रश्न निराळा होता, आणि तो शोधण्यासाठी आम्हांला आमच्याच अल्बमकडे वळावे लागले.

आमचे लग्न १९९३ साली झाले. तेव्हा ३६ छायाचित्रांची फिल्म असे. वेदीसमोर आम्ही एकमेकांच्या बोटांत अंगठ्या घातल्या नेमक्या त्याच वेळी छायाचित्रकाराचे रीळ संपले. मिस्सा झाल्यावर त्याने आम्हां उभयतांना पुन्हा वेदीपाशी नेले, अंगठ्या काढावयास लावल्या आणि पुन्हा घालावयास सांगितल्या. “हात थोडा वर. वहिनी, मान खाली. हं, थांबा.” तेच छायाचित्र आज अल्बमच्या मध्यभागी आहे. चित्र सुरेख आले आहे. परंतु इतक्या वर्षांत ते जेव्हा जेव्हा पाहिले तेव्हा आम्हांला वचन आठवले नाही, ‘हं, थांबा’ एवढेच आठवले. खरी अंगठी घालताना काय वाटले होते ते आठवण्याचा प्रयत्न केला, तर हे चित्र मध्ये येऊन उभे राहते. आमच्या पत्नीचाही अनुभव हाच. एका खोट्या चित्राने एक खरी आठवण पुसून टाकली. त्यात त्या भल्या माणसाचा दोष नव्हता. त्याला ‘नाही’ म्हणावयास हवे होते ते आम्ही.

इथे एक ऐतिहासिक प्रसंग आठवतो. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होण्याइतकी ती आपल्याकडे लवकर रुजली. पुढे २५ जानेवारी १८५८ रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचे लग्न झाले. चर्चला निघण्यापूर्वी राणी, तिचे पती आणि वधू यांचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. त्या काळी चित्र उमटेपर्यंत काही क्षण निश्चल बसावे लागे. राणीला ते जमले नाही. लेक सासरी जाणार या भावनेने ती इतकी थरथरत होती की चित्रात तिचा चेहरा अस्पष्ट आला. तिने स्वतःच आपल्या रोजनिशीत तसे नमूद केले आहे. आजचा व्यावसायिक असले चित्र ‘खराब’ म्हणून बाजूला टाकील. परंतु त्या दिवशी एका आईच्या मनात काय चालले होते ते त्या अस्पष्ट चेहऱ्याइतके स्पष्ट दुसरे काय सांगणार? तिथे यंत्र प्रसंगामागून चालले होते. आमच्या अंगठीच्या चित्रात प्रसंगाला यंत्रामागून चालावे लागले. सगळा भेद आहे तो इथे.

ख्रिस्तसभेच्या विवाहविषयक शिकवणुकीत हा भेद समजण्याची किल्ली आहे असे आम्हांला वाटते. आपल्या लॅटिन परंपरेनुसार विवाह संस्कार वधूवर एकमेकांस देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात. त्यासोबत दोन साक्षीदार लागतात. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली हा नियम घालून दिला, कारण गुपचूप झालेली लग्ने पुढे नाकारली जात आणि त्यांत फसवणूक बहुधा स्त्रीची होई. साक्षीदाराचे काम कोणते? उपस्थित राहणे, पाहणे, आणि वेळ आली तर ‘होय, मी पाहिले’ असे सांगणे. तो वधूला मान वळवावयास सांगत नाही. ‘होय’ पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणा, असेही सांगत नाही. कॅमेऱ्याला चर्चमध्ये जागा असेल तर ती या साक्षीदाराशेजारी. तो दिग्दर्शक झाला की वधूवर नट होतात, आणि नटाच्या शपथेने कोणी बांधला जात नाही. १९६७ साली निघालेल्या ‘युखारिस्तिकुम मिस्तेरियुम’ या रोमच्या सूचनापत्रातही छायाचित्रणाने मिस्सात व्यत्यय येऊ नये, योग्य कारण असेल तेव्हा ते अत्यंत संयमाने करावे आणि स्थानिक महागुरुस्वामींचे नियम पाळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. काही जणांना असे नियम जाचक वाटतात. आम्हांला त्यांत वधूवरांविषयीची काळजीच दिसते.

या कसोटीवर ती तिसरी पद्धत उतरत नाही, असे आम्ही भाचीला सांगितले. वचन देण्याआधीच वचनाचा अभिनय करावयाचा, एकमेकांचा हात प्रथम धरावयाचा तो एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून, आणि तेही तीनदा, कारण पहिल्या दोन खेपांना उजेड बरोबर पडला नाही! वाङ्‌निश्चय आणि विवाह यांमधला काळ एकमेकांना ओळखण्याचा असतो. ती दोन माणसांची खाजगी मिळकत आहे. ती पडद्यावर मांडली की पाहुण्यांचे मनोरंजन होते, पण तेवढीच ती कमी होते.

मग ‘कँडिड’ पद्धत निर्दोष काय? तसेही म्हणता येत नाही. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने विसाव्या शतकात न सांगता, न सजवता आणि झोत न टाकता क्षण टिपण्याची कला फार उंचीवर नेली. परंतु लग्नाच्या बाजारात तिचीही नक्कल झाली आहे. ‘कॅमेऱ्याकडे न बघता हसा’ ही आज्ञा आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. सहजपणाचाही अभिनय करवून घेतला जातो, आणि तो उघड अभिनयापेक्षा अधिक फसवा असतो. शिवाय नकळत टिपण्यात दुसराही एक धोका आहे. घास तोंडाशी नेणारी म्हातारी, मुलाला अंगावर पाजणारी आई, कोपऱ्यात डोळे पुसणारा बाप, यांना न विचारता त्यांचे चित्र घ्यावयाचे आणि शंभर मोबाइलांवर फिरवावयाचे, यात त्यांच्या मानाचे काय?

उलट ज्या जुन्या पद्धतीला आपण कृत्रिम म्हणून हसतो तिच्यात एक सौजन्य होते. ती परवानगी मागे. ‘फोटो काढतो’ म्हटले की माणूस पदर सारखा करी, टोपी नीट बसवी, ताठ बसे. आपण जगाला कसे दिसावे हे ठरवण्याचा त्याला एक क्षण मिळे. श्रीमंताला असे क्षण पुष्कळ मिळतात. कोयता चालवणाऱ्याला आयुष्यात एखाददुसराच. तेव्हा पवित्र अशी पद्धत एकही नाही. विचारावयाचे ते दोनच प्रश्न: चित्र प्रसंगामागून चालते की प्रसंग चित्रामागून? आणि या चित्रात कोण दिसते, कोण राहून जाते?

दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात काना गावचे लग्न आठवावे. योहानकृत शुभवर्तमानात त्याचे जे शब्दचित्र आहे, त्यात वधूवरांची नावे नाहीत. वधूचा तर उल्लेखही नाही. दिसतात ती दगडाची सहा रांजणे, ती पाण्याने काठोकाठ भरणारे सेवक, आणि ‘द्राक्षारस संपला’ हे सर्वांआधी ओळखणारी पवित्र मरिया. भोजनप्रमुखाला तो उत्तम द्राक्षारस कुठून आला हे कळले नाही. पाणी काढणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक होते, असे शुभवर्तमानकार मुद्दाम सांगतो. आमच्या दृष्टीने लग्नाचे छायाचित्र कसे असावे याचा याहून चांगला धडा नाही. मंचाकडे सगळेच पाहतात. ज्यांनी पाणी भरले त्यांच्याकडे कोणी पाहावे?

आम्ही हे बोललो तेव्हा भाची बराच वेळ गप्प राहिली. पुढची कल्पना तिची, आमची नव्हे. तिने ड्रोन आणि ‘प्री-वेडिंग’ दोन्ही रद्द केले. छायाचित्रकाराला सांगितले, चर्चमध्ये फादर दाखवतील त्या एकाच जागी उभे राहायचे, झोत नाही, सूचना नाही, जे होईल ते होईल. आणि दुपारी सिरसाळ्याला आल्यावर मांडवाच्या एका बाजूला दोन खुर्च्या आणि मागे साधी चादर लावायची. आलेल्या प्रत्येक जोडप्याने तिथे बसायचे, ऊसतोडीहून परतलेल्यांनी आधी. प्रत्येकाचे एक छायाचित्र कागदावर छापून त्यांच्या घरी पोचवायचे. “ते मला आहेर करतील, हा माझा त्यांना,” ती म्हणाली. खर्च निम्म्याहून कमी झाला. वराकडच्या काही तरुण मंडळींना ड्रोन नसल्याचे वाईट वाटले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले.

त्या दोन खुर्च्यांवर आम्ही जे पाहिले ते विसरणार नाही. एवढी वर्षे एकाच कोयत्याखाली राबलेले नवरा-बायको शेजारी बसताना संकोचत होते. एकीने यजमानांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. भाचीची आजी आधी “माझा कशाला मेला फोटू” म्हणाली, मग आत गेली, ठेवणीतले लुगडे नेसून आली आणि अशी ताठ बसली की छायाचित्रकार तरुणाने काहीही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

छपाईचा आग्रह मात्र आमचा होता. आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट बुरशीने खाल्ली. ती चालवणारी यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. वडिलांच्या लग्नाचे काळेपांढरे छायाचित्र मात्र अजून भिंतीवर आहे. मोबाइलमधली हजार चित्रे मोबाइलबरोबर जातात. चांगल्या कागदावरची वीस चित्रे, मागे पेन्सिलीने नावे आणि तारीख घातलेली, नातवंडांपर्यंत पोचतात. नावे अवश्य घालावीत. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांनंतर कोणाचेच राहत नाही.

या निवडीचा तोटाही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. चर्चमध्ये मुलीचा हात वराच्या हाती देताना आमच्या मेहुण्यांचा चेहरा एकाएकी असा झाला, की उभ्या आयुष्यात तो आम्ही तसा पाहिला नव्हता. छायाचित्रकार ठरवून दिलेल्या जागी उभा होता. तिथून त्याला त्यांची फक्त पाठ दिसली. तो क्षण एकाही चित्रात नाही. भाची पुढे एकदा म्हणाली, “मामा, बाबांचा तो चेहरा मात्र राहिला.” त्यावर आम्ही सारवासारव केली नाही. तो आम्हां चार-दोघांना आठवतो, आमच्यानंतर कोणाला आठवणार नाही. परंतु त्या क्षणी त्यांना कोणी ‘हं, थांबा’ म्हणाले नाही, म्हणूनच तो चेहरा तसा होऊ शकला, हेही तितकेच खरे. काही गोष्टी साक्षीदारांच्या डोळ्यांतच राहावयाच्या असतात, आणि साक्षीदारांनी ते ओझे जन्मभर आनंदाने वाहावयाचे असते.